अडखळण्याची जागा

अंगठा फोनच्या काचेच्या अगदी जवळ येऊन थांबला होता. काच आणि कातडी यांच्यात तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढंच अंतर होतं. अंगठ्याची सावली पडद्यावरच्या एका शब्दावर पडली होती आणि ती सावली हलत होती. अंगठा स्थिर आहे असं त्या बाईंना वाटत असावं, कारण हाताचा कंप इतका बारीक होता की तो फक्त सावलीतच दिसत होता. मग अंगठा खाली सरकला आणि 'पत्रिका जुळत नाही' या बटणावर टेकला.

"झालं?" बाईंनी विचारलं. त्या पन्नाशीच्या होत्या, मुलासाठी स्थळं बघत होत्या आणि संकेतस्थळाची चाचणी द्यायला आनंदाने तयार झाल्या होत्या.

"झालं," केतकी रिसबूड म्हणाली. "एक विचारू? तुमच्या मुलाची पत्रिका तर तुम्ही मंडळाकडे दिलेलीच नाही."

"नाहीच दिली. आमच्याकडे कुणी मानत नाही पत्रिका-बित्रिका."

"मग जुळत नाही हे कसं कळलं?"

बाई हसल्या. पर्स उचलून म्हणाल्या, "अगं, आता तूच बघ ना," आणि बाहेर चहा घ्यायला गेल्या.

केतकीने ते उत्तर चाचणीच्या नोंदीत 'असंबद्ध' या रकान्यात टाकलं.

शिरगावकर वधूवर सूचक मंडळ सांगलीत गेली दोन पिढ्या लग्नं जुळवत होतं. आता मंडळ म्हणजे मुख्यतः एक संकेतस्थळ होतं, आणि त्याचं दुखणं तिसऱ्या पानावर होतं. पहिल्या पानावर स्थळांची यादी होती, दुसऱ्यावर माहिती आणि फोटो. तिसऱ्यावर आपलं मत कळवायचं. तिथे लोक थांबत, थांबत आणि निघून जात.

"एसटी स्टँडवर बसल्यासारखे बसून राहतात हो," मालक अण्णा शिरगावकर म्हणाले होते. "गाडी समोर उभी, पण चढत नाहीत. तुम्ही तेवढं चढवून द्या."

केतकीने मेंदूविज्ञानात डॉक्टरेट केली होती. माणूस निर्णय घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत काय घडतं, हा तिचा विषय. पुण्यातली नोकरी सोडून ती सांगलीला परतली ती स्वतःचं एक यंत्र घेऊन. यंत्र म्हणजे खरं तर एक प्रणाली, पण ती त्याला यंत्रच म्हणे. त्याचं नाव तिने 'नितळ' ठेवलं होतं.

नितळमागचं विज्ञान ती अण्णांना दोन पेल्यांनी समजावून सांगे. समजा, मनात दोन पेले आहेत, एक होकाराचा, एक नकाराचा. फोटोवर नजर गेली, एक थेंब होकारात पडला. नोकरीचं गाव वाचलं, एक थेंब नकारात. जो पेला आधी काठोकाठ भरेल त्या बाजूला हात जातो, आणि 'मी ठरवलं' ही जाणीव त्याच्या किंचित नंतर येते. दोन्ही पेले सारखेच भरत असले की माणूस अडखळतो. तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, बोटाच्या कंपाची लय बदलते, नजर एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा येते. नव्या फोनच्या काचेला बोट टेकण्याआधीच कळतं आणि कॅमेऱ्याला बाहुलीचा आकार मोजता येतो. या सगळ्यावरून नितळ एक आकडा काढे. त्याला केतकी संकोचांक म्हणे.

संकेतस्थळं सुधारणाऱ्यांची धडपड पहिल्यापासून एकच होती. वापरणारा जिथे अडखळतो तिथला दगड काढायचा. अक्षर फिकट असेल तर गडद करायचं, बटण लहान असेल तर मोठं. हे काम पूर्वी सगळ्यांसाठी एकदाच होई. नितळ ते एकेका माणसासाठी, एकेका क्षणाला करत असे. नजर एखाद्या ओळीवर अडली की ती ओळ किंचित बारीक होई, थोडी खाली जाई, आणि जिथे नजर आधी विसावली होती ती गोष्ट अलगद जवळ येई. पानावरचा एकही शब्द खोटा नसे. एकही शब्द गाळलेला नसे. फक्त अडखळ कशाला म्हणायचं हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. ते केतकीने सांगितलं: 'पुढे जाऊ' या बटणापासून माणसाला दूर नेते ती अडखळ.

तिसऱ्या पानावर तीन बटणं होती. 'पुढे जाऊ', 'नको' आणि 'पत्रिका जुळत नाही'. तिसरं बटण दाबणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पत्रिका दिलेलीच नव्हती. शिवाय गुणमेलन संकेतस्थळ आपणहून करून वर दाखवत होतंच. जे संगणक सांगू शकतो ते माणसाला विचारू नये, हा तिच्या विद्येतला जुना नियम. ज्योतिषाचा तिला मनापासून तिटकारा होता. तिने ते बटण काढलं तेव्हा पायातला काटा काढल्यासारखं वाटलं.

अण्णांनी नवं पान पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे आता नुसतं 'नको'? एवढं उघडं?"

"स्पष्ट आहे ना, अण्णा."

"स्पष्ट आहे हो," अण्णा म्हणाले. आणखी काही बोलावं तसे ते थांबले, पण मग त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

*

त्या वर्षी इतकी लग्नं जमली की मंडळाला पेढे पुरवणाऱ्या दुकानाने अण्णांचा फोटो आपल्या भिंतीवर लावला. कोल्हापूर, सातारा, सोलापूरच्या मंडळांनी नितळ मागितलं. पुण्याच्या एका कंपनीने त्याचे हक्कच विकत घेतले आणि बँका, विमा, दवाखाने अशा सगळ्यांना ते पुरवायला सुरुवात केली. केतकी तिथली सल्लागार झाली, पण सांगलीचं पान तिने स्वतःकडे ठेवलं. ते तिचं पहिलं काम होतं.

एका दुपारी नूपुरचा फोन आला. नूपुर तिची धाकटी बहीण, वय चौतीस, मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. ती आणि आई तिथेच राहत.

"ताई, बसलीयेस का? बातमी आहे."

"बसलेय. पगारवाढ असेल तर उभी राहते."

"लग्न ठरलं."

"कुणाचं?"

"शेजारच्या म्हशीचं. अगं माझं!"

केतकी खरोखरच उभी राहिली. नूपुरला दहा वर्षं स्थळं येत होती आणि दहा वर्षं तिचं एकच उत्तर होतं, कळवते. ना हो, ना नाही. आई म्हणायची, पोस्टमन कंटाळला असता एवढं कळवायचं बाकी आहे हिचं. केतकीचा स्वतःचा संसार तीन वर्षांत मोडला होता, त्यामुळे आईची सगळी आशा नूपुरवर येऊन थांबली होती.

"एकदम कसं काय गं?"

"काय माहीत! आईने मोबाइल हातात दिला. म्हणाली, एवढं एक बघ, मग मी गप्प बसते. बघितलं आणि झालं." नूपुर हसली. "फार सोपं होतं गं ताई. तुझंच पान ना ते? छान केलंयस."

मुलगा कोल्हापूरचा, सौमित्र नवाथे. स्वतःचा छोटा कारखाना, बोलायला शांत. साखरपुड्यात त्याने केतकीला वाकून नमस्कार केला. आईने त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी नथ घातली होती आणि ती सारखी हाताने चाचपून बघत होती.

*

शर्वरी माने मंडळाच्या कचेरीत आली तेव्हा केतकी तिथे योगायोगाने होती. शर्वरी तासगावच्या शाळेत गणित शिकवत असे. मंडळाच्या पानावरून तिचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं.

"मी हो कधी म्हटलं, ते मला बघायचंय," ती म्हणाली.

केतकीने तिला खुर्ची दिली. "घरी काही त्रास आहे का?"

"नाही. माणूस चांगला आहे. भाजी खारट झाली तर पाणी पितो, बोलत नाही." ती जरा थांबली. "मॅडम, मी साडी घेताना दुकानदाराला रडवते. चपलेसाठी तीन दुकानं फिरते. नवरा निवडताना मी काय विचार केला, तेच मला आठवत नाही. आठवायला गेलं की फोटो आठवतो. पानाचा रंग आठवतो. त्यात मी कुठे नसते."

केतकीने तिची नोंद उघडली. पडद्यावर दोन रेषा होत्या, होकाराची आणि नकाराची. काही ठिकाणी नकाराची रेषा वर यायला लागली होती आणि दर वेळी पान किंचित बदलून ती पुन्हा खाली बसली होती. शेवटी होकाराची रेषा एकही खाच न पडता वर गेली होती. यंत्राच्या दृष्टीने हा आदर्श आलेख होता. केतकीने असे आलेख परिषदांमध्ये दाखवले होते.

ती समजावून सांगायला लागली आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. दोन पेले सारखे भरत असतात तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातून एक इशारा निघतो: थांब, इथे ओढाताण आहे. तोच इशारा स्मृतीलाही जातो: हे जपून ठेव. ज्या निर्णयात ओढाताण नसते तो श्वासासारखा होतो आणि जातो. या दोन गोष्टी तिला वेगवेगळ्या माहीत होत्या, वेगवेगळ्या वर्षी वाचलेल्या. तिने त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. अडखळ काढून टाकली की ती जपून ठेवणारी खूणही निघून जाते.

"म्हणजे निर्णय झाला, पण मी तिथे नव्हते," शर्वरी म्हणाली.

"तुम्ही होतात. तुमच्याच डोळ्यांनी…"

"डोळे होते."

केतकीने नोंद बंद केली.

"माझी जाऊ आहे ना," शर्वरी म्हणाली, "ती नवऱ्याशी कडाकडा भांडते. आणि मग म्हणते, मीच पसंत केलाय, आता मीच निस्तरते. त्यातून तिला कसला तरी जोर येतो. मी काय म्हणू? मी यांना विचारलं, तुम्ही मला का हो म्हणालात? त्यांनाही सांगता येईना. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी पाहुण्यासारखं वागतोय. चहा घेणार का, पंखा लावू का."

ती उठली. दारात चपला घालताना मागे वळून म्हणाली, "आणखी एक. गेल्या महिन्यात माझे वडील गेले. अतिदक्षता विभागात होते. श्वासाचं यंत्र ठेवायचं की काढायचं, ते दवाखान्याने मोबाइलवर पान पाठवून विचारलं होतं. फार नीट पान होतं, मोठ्या अक्षरांचं. तेही तुमचंच का?"

"असेल," केतकी म्हणाली. मग म्हणाली, "हो."

शर्वरीने मान हलवली. चपलेचा पट्टा लावायला ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

*

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला, तो गार होऊ दिला.

"तुम्ही ते बटण काढलंत ना," ते शेवटी म्हणाले.

"पत्रिकेचं? त्याचा काय संबंध? ते लोक खोटं दाबत होते."

"खोटंच हो! अहो, एखाद्याच्या लेकीला 'नको' असं तोंडावर कोण म्हणतं आपल्याकडे? म्हणून पत्रिका. सांगणाऱ्याला माहीत असायचं, ऐकणाऱ्यालाही माहीत असायचं. दोष ग्रहांचा, कुणाचा अपमान नाही. माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात किती नकार असे पोचवले असतील. कुणी रागावलं नाही."

"मग तेव्हा मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही शिकलेल्या. म्हटलं, काढताय म्हणजे विचार केला असेल." अण्णांनी पेला फिरवला. "आणि खरं सांगू? आकडे चांगले येत होते. मग मी कशाला बोलतोय."

केतकीने त्या दुपारी जुन्या नोंदी उघडल्या. चित्र स्वच्छ होतं. बटण गेल्यापासून नकाराकडे झुकणारे लोक 'नको'वर अंगठा नेत आणि तिथेच लटकत. दुसऱ्याच्या मुलीबाबत त्यांना ते दाबवत नसे. नितळच्या लेखी ही सर्वांत मोठी अडखळ होती, आणि अडखळ दूर करायला ते शिकलेलंच होतं. ते लोकांना त्या बटणापर्यंत पोचूच देत नव्हतं. नाही म्हणण्याची एकच सभ्य वाट होती आणि ती तिने चुकीची माहिती समजून बुजवली होती.

"हे थांबवायला हवं," ती अण्णांना म्हणाली.

"लग्नसराई तोंडावर आहे, केतकीताई. आणि सांगणार कुणाला? झालेल्या सगळ्या जोडप्यांना निरोप धाडणार, की बाबांनो, तुमचं लग्न तुम्ही ठरवलेलं नाही? सुखाने नांदतायत बिचारे." अण्णांचा आवाज खाली आला. "पूर्वी तरी कोण ठरवत होतं? बाप ठरवायचा. पोरीने मान वर केली तर थोबाडीत बसायची. तुमचं यंत्र निदान थोबाडीत मारत नाही."

"बापाने ठरवलं हे तिला माहीत तरी असायचं," केतकी म्हणाली. "कुणावर तरी रागावता यायचं."

"मग? बंद करायचं म्हणता?"

हक्क आता कंपनीकडे होते. अण्णांनी सांगलीचं पान बंद केलं तरी नितळ इतर शेकडो पानांवर चालूच राहणार होतं. त्या बाकीच्या पानांसाठी तिच्या हातात एवढंच होतं की बोलायचं. जाहीरपणे, आपलं नाव घालून.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

*

नूपुरची नोंद उघडायची नाही असं तिने ठरवलं होतं. ती उघडली तेव्हा आपण ती उघडणारच होतो हेही तिला कळलं.

सौमित्रच्या माहितीत, आईवडिलांच्या रकान्यात एक ओळ होती: वडील अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणावर, सेवाभावी मुलगी हवी. नूपुरची नजर त्या ओळीवर गेली, पुढे गेली, परत आली. पुन्हा परत आली. ओळीची अक्षरं बारीक होत गेली. 'नोकरीची पूर्ण मुभा' हे शब्द खालून वर सरकले. डोंगरावर उभ्या राहून हसणाऱ्या सौमित्रचा फोटो उजळला. नकाराची रेषा तीनदा काठापर्यंत आली होती. तिसऱ्या वेळी अंगठा 'नको'च्या इतक्या जवळ होता की काचेने त्याची ऊब नोंदवली होती. मग पान अलगद बदललं, ऊब दूर गेली, आणि थोड्या वेळाने होकार आला. सुरेख, गुळगुळीत होकार.

ती ओळ नूपुरने वाचली होती. कुणी काही लपवलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांचे लुळे हातपाय हलवून घरी येणारी मुलगी त्या घराला नेमकी कशासाठी हवी होती, ते साध्या मराठीत लिहिलेलं होतं.

तिला सांगायला हवं, हे केतकीला त्याच क्षणी कळलं. पण कार्यालय ठरलं होतं. शालू आणला होता. आईचा रक्तदाब पहिल्यांदाच ताब्यात होता. आणि नूपुर खूश दिसत होती, फोनवर गाणी गुणगुणत होती. एका आलेखाच्या भरवशावर हे सगळं मोडायचं का? आणखी पुरावा हवा, असं केतकीने स्वतःला सांगितलं. तिने पाहणीचं निमित्त करून मंडळाच्या जोडप्यांना फोन केले. तुम्ही जोडीदार कसा निवडलात? लोक उत्साहाने बोलायला लागायचे आणि मध्येच गप्प व्हायचे. "झालं आपलं," म्हणायचे. "जमून गेलं." एक मुलगी म्हणाली, "थांबा हं, यांना विचारते," आणि मग फोनवर दोघांच्याही शांततेखेरीज काही ऐकू आलं नाही.

पुरावा पुरेसा झाला. तरी केतकी बोलली नाही. प्रत्येक आठवड्याला न बोलण्याचं नवं कारण मिळत गेलं आणि लग्न जवळ आलं.

*

लग्नाआधी नवऱ्या मुलीला नातलगांनी घरी बोलावून जेवू घालायचं, हे केळवण. केतकीने ते आपल्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरी रविवारी दुपारी ठेवलं. तिघीच होत्या. आईने ताटाभोवती रांगोळी काढली. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी. केतकीने नूपुरला ओवाळलं.

"वाढ अजून," नूपुर म्हणाली. "बोकडाला खाऊ घालून पाठवतात तसं चाललंय तुमचं."

"शुभ बोल जरा," आई म्हणाली, पण हसली.

"अगं हो, सौमित्रचा फोन होता. त्यांच्या बाबांना बघणारी बाई काम सोडून गेली. म्हणाला, लग्नाआधीच येऊन त्यांचे व्यायाम सुरू करून देशील का? नंतर मग तूच बघशील म्हणा."

"जा की," आई म्हणाली. "आपलंच घर आता."

"हो, जाते," नूपुर म्हणाली आणि जिलबीचा तुकडा मोडला.

ते 'हो' इतकं सहज आलं की केतकीच्या हातातली वाढायची पळी पातेल्यात तशीच राहिली. हिने दहा वर्षं कुणाला इतक्या लवकर उत्तर दिलं नव्हतं. एका होकारामागून पुढचे सगळे होकार ओघळत येत होते.

"नूपुर, हात धुऊन जरा आत ये."

आतल्या खोलीत केतकीने दार लोटलं आणि सगळं सांगितलं. शर्वरी, बटण, ती ओळ, तिसऱ्या वेळची काचेवरची ऊब. आलेखही दाखवला. नूपुर पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. ओठाला जिलबीचा पाक लागलेला होता.

"हे तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"साखरपुड्यानंतर."

"म्हणजे महिने झाले."

"हो."

"आणि तू माझं वाचलंस. माझ्या डोळ्यांत काय झालं ते मला माहीत नव्हतं, तुला होतं. मी तुला फोनवर शालूचा रंग सांगत होते आणि तू ऐकत होतीस!" तिचा आवाज चढला. "वर मी काय म्हटलं तुला? छान केलंयस म्हटलं!"

"चुकलं माझं. पण आता तरी… बघ ना, तुला नकोच होतं. ही रेषा बघ. ती ओळ वाचून तू तीनदा…"

"थांब." नूपुरने फोन तिच्या हातातून काढून पालथा ठेवला. "आत्ता तू काय करतेयस कळतंय का तुला? आधी ती बाई सांगितलीस, तिचा बाप गेलेला. मग ती ओळ दाखवलीस. मग रेषा. अगदी बरोबर क्रमाने. पानाने मला हो म्हणायला लावलं, आता तू नाही म्हणायला लावतेयस. फरक काय तुमच्यात?"

गेली इतकी वर्षं केतकी हेच मोजत होती, कुठली गोष्ट आधी ठेवली की माणूस कुठे वळतो, आणि तिच्या तोंडून शब्दही आता त्याच शिस्तीत येत होते.

"मी काय करू मग?" तिने विचारलं.

"बाहेर जा," नूपुर म्हणाली. "आणि आईला आत सोडू नकोस. कुणी काही बोलू नका माझ्याशी."

बाहेर आई ताटं आवरत नव्हती. जेवण तसंच ठेवून खुर्चीत बसली होती.

"काय झालं?"

"ती विचार करतेय."

"आता? आता कसला विचार? निमंत्रणं गेली, हॉल ठरला." आईने पदराने कपाळ टिपलं. "केतकी, तुझं ते तसं झालं, मी एका शब्दाने बोलले नाही तुला. हिला तरी काही शिकवू नकोस गं. माझ्याच्याने पुन्हा नाही निभणार."

"मी काही शिकवत नाहीये, आई."

"मग जाऊन समजाव तिला."

"नाही," केतकी म्हणाली. आई उठायला लागली तशी केतकी दारापाशी जाऊन उभी राहिली. आई तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या मुलीने तिची वाट अडवली होती.

आतून चालण्याचा आवाज येत होता. खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. मग तो थांबला. जिलबीवरचा पाक गोठून पांढरा झाला. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, वळणावरून परत आला. एकदा आतून रडल्यासारखा आवाज आला आणि आईने केतकीचा दंड घट्ट धरला. बोटं रुतली. केतकी हलली नाही. आत जाऊन एक वाक्य बोलावं, नुसतं पाणी द्यावं, असं तिला फार वाटत होतं. नूपुर सुखाच्या दिशेने विचार करतेय की भीतीच्या, हे कुठल्याच काचेवर दिसत नव्हतं. तिच्या विद्येत अशा वेळेला नाव नव्हतं. ती फक्त अपव्यय म्हणून मोजली जायची.

दार उघडलं. नूपुरने तोंड धुतलं होतं. कुंकू ओघळलं होतं, ते तिने पुसलं नव्हतं. ती येऊन आईच्या समोर, जमिनीवर बसली.

"आई," ती म्हणाली आणि थांबली.

आई काहीतरी बोलायला गेली. केतकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आई गप्प झाली. नूपुरने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिला कुणी शब्द दिला नाही.

"मला लग्न करायचं नाही," नूपुर म्हणाली. "सौमित्रशी नाही, आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. मला कधीच करायचं नव्हतं."